शाल्मलीच्या जागी

१

पैसे मागायला शाल्मली हुक्केरीला कधीच लाज वाटली नाही. बेंगळुरूत व्हाइटफील्डच्या एका कंपनीत तिचं कामच ते होतं, लोकांनी थकवलेली बिलं वसूल करायची. तीन-तीन महिने फोन न उचलणारी माणसं तिच्याशी बोलताना चौथ्या मिनिटाला "मॅडम, सोमवारी नक्की" म्हणायची, आणि सोमवारी खरंच पैसे जमा व्हायचे. तेव्हा स्वतःचे पन्नास हजार परत आणणं म्हणजे तिच्या हातचा मळ होता.

हे पन्नास हजार यशवंतपूरच्या घरात अडकले होते. तिथे ती दोन वर्षं सुचेता आणि रंजिता या दोघींबरोबर राहिली. सुचेता पुण्याची, रंजिता चिकोडीची आणि ही निपाणीची. घरात मराठी बोलायला मिळतं एवढ्यावर तिघींचं जमलं होतं. मग दीड महिन्यापूर्वी एका बुधवारी, दोघी कामावर गेल्या असताना, शाल्मलीने टेम्पो बोलावला, सामान भरलं आणि टेम्पोतूनच त्यांना मेसेज टाकला की मी शिफ्ट झालेय, नंतर बोलू. नंतर ती काही बोलली नाही. आपण बरं वागलो नाही हे तिला कळत होतं. पण समोर बसून सांगितलं असतं तर आठवडाभर "अगं, पण का?" चाललं असतं, आणि रोजचे चार तास मेट्रोत घालवणाऱ्या माणसाला तेवढी सवड नसते.

त्या घराची एक रीत होती. डिपॉझिटचे दीड लाख खाली राहणाऱ्या घरमालकाकडे, नागोजीरावांकडे, फार पूर्वी जमा झाले होते आणि ते तिथून हलत नसत. जी मुलगी घर सोडेल तिने आपल्या जागी दुसरी आणायची. ही माझ्या ओळखीची आहे, असं घरातल्यांना तोंडाने सांगायचं. मग आपला वाटा त्या नव्या मुलीकडून हातात घ्यायचा आणि जायचं. शाल्मली स्वतः अशीच कुणाच्या तरी जागी आली होती. जाताना मात्र तिने कुणाला आणलं नाही. पैशाचं नंतर बघता येईल, आपल्याला कोण नाही म्हणणार, असं तिला वाटलं.

ते "नंतर" आता येऊन ठेपलं होतं. धाकटी बहीण संयोगिता परीक्षा संपवून रविवारी रात्रीच्या बसने निपाणीहून निघून सोमवारी सकाळी येणार होती, कायमची. शाल्मली सध्या ऑफिसजवळच्या हॉस्टेलवर राहत होती, तिथे बहिणीला घेता येत नव्हतं, म्हणून दोघींसाठी तिने व्हाइटफील्डला एक खोली आणि स्वयंपाकघर बघून ठेवलं होतं, टोकन दिलं होतं. उरलेले पन्नास हजार रविवारी संध्याकाळपर्यंत दिले नाहीत तर ते घर दुसऱ्याला जाणार होतं. घरी वडील आधीच म्हणत होते की मुलीला तिकडे पाठवायचं कशाला, इथेच एखादं स्थळ बघू. घर हातचं गेलं असतं तर त्यांना निमित्तच मिळालं असतं.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तिने रंजिताला फोन लावला. भांडणाची सगळी तयारी मनात होती.

"तुझे पैसे व्हय? हाईत की तयार!" रंजिता म्हणाली. "तू पाठवलेली पोरगी आली नव्हं का त्याच दिवशी, संध्याकाळी. तुझ्याच खोलीत हाय. तवापासनं म्हणतीय, शाल्मली अक्काला बोलवा, मला त्यांचे पैसे द्यायचेत."

शाल्मलीने कुणालाच पाठवलं नव्हतं.

तिने पाण्याचा एक घोट घेतला आणि विचार केला. कुठल्या तरी मैत्रिणीच्या मैत्रिणीला खोली रिकामी झाल्याचं कळलं असेल आणि तिने आपलं नाव सांगून हात धुऊन घेतले असतील. या शहरात खोलीसाठी माणसं काय वाट्टेल ते करतात. शिवाय पैसे मिळत होते.

"हो, हो," ती म्हणाली. "उद्या अकराला येते."

२

शनिवारी मॅजेस्टिकला मेट्रो बदलून ती यशवंतपूरला उतरली. घाऊक बाजारातून कांद्याच्या गोण्यांचा आणि गुळाचा वास तसाच येत होता. गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा टँकर उभा होता आणि त्याचा पाइप घेऊन नागोजीराव स्वतः टाकीजवळ उभे होते. त्यांचं घराणं बेंगळुरूत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं, त्यामुळे त्यांचं मराठी ऐकायला शाल्मलीला नेहमी मजा वाटायची.

"आली काय अम्मा! स्वल्प थांब, हे बंद करतो." त्यांनी कॉक फिरवला. "सांगून जायचं नाही काय? पण माणूस लावून गेलीस, म्हणून मी सरी, ठीक आहे म्हटलं."

"कशी आहे ती?" शाल्मलीने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मी कुठं बघितलो? जाता-येता दिसत नाही. भाडं तेवढं पाच तारखेला बरोबर येतं." ते टाकीकडे बघत राहिले. "एक मात्र मला समजत नाही बघ. तुम्ही तिघी होता तेव्हा टाकी दोन दिवस पुरायची. आता तीन दिवस पुरते. दोघींचंच पाणी लागतं."

"सुट्टीच्या दिवशी गावाला जात असेल."

"असेल. जाताना तिचं नाव सांगून जा अम्मा, पोलिसांच्या फॉर्मात भरायचं आहे. त्या दोघींना विचारलं, तर सांगत नाहीत."

शाल्मली जिना चढायला लागली. काटकसरीने पाणी वापरणारी मुलगी असेल, मराठवाड्याची वगैरे. दुसऱ्या मजल्यावर दारापुढे चपलांचे दोन जोड होते. तिसरा नव्हता. म्हणजे आत्ता घरात नसेल, तिने ठरवलं, आणि पैशांचं पाकीट रंजिताकडे देऊन गेली असेल, म्हणजे तर उत्तमच.

३

दार सुचेताने उघडलं. दीड महिन्यात ती निम्मी झाली होती. नेहमी सकाळी आंघोळ करून ऑफिसच्या कपड्यांत बसणारी मुलगी आज चुरगळलेल्या कुडत्यात उभी होती, आणि तिच्या मागे भिंतीला तिची मोठी बॅग लावून ठेवलेली होती.

"मी तुला एकवीस कॉल्स केले," ती हळू आवाजात म्हणाली. "एकवीस."

"कामात होते गं."

"आली व्हय!" रंजिता स्वयंपाकघरातून पिठाच्या हाताने बाहेर आली. तिच्या हसण्याला काही झालं नव्हतं, फक्त ते जरा जास्त वेळ टिकत होतं. "बस की. भाकरी टाकलीय, जेवूनच जायचं."

शाल्मली बसली. हॉल तोच होता, पण सामान सरकलं होतं. दिवाण, टीव्ही, जेवायची चटई, सगळं पुढच्या दाराच्या बाजूला दाटीने आलं होतं आणि मागच्या खोलीकडचा अर्धा हॉल मोकळा पडला होता. तिथली फरशी कित्येक दिवसांत पुसलेली नव्हती. तिच्या जुन्या खोलीचं दार बंद होतं. टीव्ही बऱ्यापैकी मोठ्याने चालू होता आणि दोघींपैकी कुणीच तो बघत नव्हतं.

"ती बाहेर गेलीय का?"

"न्हाई, आत हाय," रंजिता म्हणाली.

"मग बोलवा की."

"ती येत नाही बाहेर," सुचेता म्हणाली. "त्या संध्याकाळी आम्ही घरी आलो तर खोली आतून बंद, आणि आतून ही बोलतेय. आल्यापासून एकदाही नाही. म्हणजे आम्ही घरात असताना तरी नाही."

"लाजाळू हाय," रंजिता घाईने म्हणाली. "आन् रीतीची हाय. म्हणती, शाल्मली अक्कानी अजून तुमच्यासमोर माझी ओळख दिलेली न्हाई, तवर मी बाहेर कशी येऊ? आता असं कोण वागतंय आजकाल, सांग."

शाल्मलीला हसू आलं. हसता हसता तिने विचारलं, "नाव काय म्हणाली?"

रंजिताने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. "सांगितलंय की तिनं. ए सुचेता, काय गं नाव तिचं?"

"मला माहीत नाही," सुचेता म्हणाली. "मी तीनदा विचारलं. तीनदा तिने सांगितलं. मी कागदावर लिहून ठेवायचं ठरवलं आणि पेन घेऊन येईपर्यंत गेलं."

ऑफिसचा ताण आणि त्यात झोप नाही. शाल्मलीने सुचेताच्या डोळ्यांखाली बघितलं आणि तिला खरंच वाईट वाटलं. आपण असं न सांगता निघून यायला नको होतं, हेही तिला वाटलं. पण ते बोलत बसली असती तर एक वाजला असता. ती उठली, त्या न पुसलेल्या फरशीवरून चालत गेली आणि आपल्या जुन्या दारावर दोनदा ठोकलं. धुळीत मागे तिची एकटीचीच पावलं उमटली.

४

"आलात, अक्का?"

आवाज चांगला होता. तरुण, नम्र, थोडासा हसरा. शाल्मलीला वाटत होतं त्यापेक्षा तो फार जवळून आला. मधे लाकूड नसतं तर श्वास गालाला लागला असता, इतक्या जवळून.

"हो. दार उघडतेस का? मला जरा घाई आहे."

"ओळख दिल्याशिवाय कशी उघडू?"

"तुला माझं नाव कुणी दिलं?"

"जागा होती ना," आवाज म्हणाला.

हे काही उत्तर नव्हे. समोरच्याने उत्तर टाळलं की प्रश्न बदलायचा, हे शाल्मलीला धंद्यातून माहीत होतं. ती डावीकडे सरकली, चौकटीला टेकली. "बरं, पैसे देणार आहेस ना?"

"देणार की."

आवाजही डावीकडे सरकला होता. बरोबर तिच्या तोंडासमोर आला होता.

पोकळ प्लायवूडचं दार आहे, आवाज घुमतो, असं तिने स्वतःला सांगितलं. आणि मग, का कोण जाणे, चपलेचा बंद नीट करायच्या निमित्ताने ती खाली वाकली. चप्पल तर तिने बाहेर काढून ठेवली होती.

"मोजून ठेवलेत," आवाज म्हणाला. तोही खाली आला होता. तिच्या ओठांपासून वीतभर अंतरावर.

शाल्मलीने हात फरशीवर टेकला. ती भित्री नव्हती. निपाणीच्या घरात रात्री गोठ्यात कंदील घेऊन तीच जायची. पण दाराच्या पलीकडे एक माणूस आपल्याबरोबर वाकतं आणि त्याचे गुडघे वाजत नाहीत, कपडा सळसळत नाही, बांगडी किणकिणत नाही, याला काय म्हणायचं ते तिला सुचेना. तिने दाराखालच्या फटीतून आत बघितलं. आत उजेड होता, मागच्या खिडकीचा. दारामागे कुणी उभं असेल तर पायांची सावली पडायला हवी. नव्हती पडली.

मग फटीतून खाकी पाकीट बाहेर आलं, अर्धंच.

तिने ते धरलं. जाडजूड होतं. आत पाचशेच्या नोटा होत्या, तोंड उघडंच होतं म्हणून दिसल्या. तिने ओढलं. पाकीट येईना.

दुसऱ्या टोकाला ते धरलेलं होतं. ती आणखी वाकली आणि तिला बोटं दिसली. दार आणि फरशी यांच्यामधली फट एका पाकिटापुरतीच होती, आणि बोटं त्या फटीएवढी चपटी होती. पाकिटावर ओळीने टेकलेली, नखं नीट कापलेली. ती अंगठ्याकडून मोजायला लागली, आणि पाचव्या बोटाशी मोजणं थांबवलं, कारण पुढेही होती.

"सांगा ना त्यांना, अक्का," आवाज लाडाने म्हणाला. "मग लगेच सोडते."

५

ती उठून उभी राहिली. पाकिटाचं आपल्याकडचं टोक मात्र तिने पायाच्या अंगठ्याखाली दाबून धरलं, हे तिच्या स्वभावाला धरूनच झालं.

हॉलच्या पुढच्या टोकाला दोघी उभ्या होत्या. रंजिताच्या हातावरचं पीठ वाळलं होतं. सुचेताने टीव्ही बंद केला आणि घर एकदम फार मोठं वाटायला लागलं.

"शाल्मली, मला एकच सांग," सुचेता म्हणाली. "तू हिला ओळखतेस ना? तू ओळखत असशील तर माझंच डोकं फिरलंय, मी डॉक्टरला दाखवीन. नसशील ओळखत तर तसं सांग. ही बॅग भरलेली आहे. मी रंजिताला घेऊन आत्ता, याच मिनिटाला खाली उतरते. फक्त तू सांग."

रंजिताचं हसू गेलं. तेवढ्यात ती एकदम चिकोडीच्या शाळेतली मुलगी दिसायला लागली. "सांग की गं," ती म्हणाली. "मी रोज हिला सांगतीय, शाल्मलीनं पाठवलीय, ती वाईट कशाला पाठवील?"

शाल्मलीला सत्य माहीत होतं. एक शब्द पुरला असता. त्या दोघी जिना उतरल्या असत्या, तीही त्यांच्याबरोबर उतरली असती आणि पाकीट इथेच राहिलं असतं. मग उद्या संध्याकाळी ते घर दुसऱ्याला गेलं असतं. परवा सकाळी संयोगिता बॅग घेऊन बसमधून उतरली असती आणि तिला घेऊन जायला जागा नसती. वडिलांनी फोनवर "बघ, मी म्हणत नव्हतो?" म्हटलं असतं. हे सगळं तिच्या डोक्यात सरसर येऊन गेलं. त्यामागून तिच्या मनातला हुशार, सवयीचा आवाज आला: बोटं दिसली म्हणजे काय, उजेड तिरपा होता, पाकिटाच्या घड्या असतील. आजारी असेल बिचारी एखादी, हाताला काही झालं असेल, म्हणूनच बाहेर येत नसेल. भाडं वेळेवर देते. आणि दीड महिन्यात कुणाचं काय वाकडं झालं?

तिला भीती वाटत होती. लाजही वाटत होती, आयुष्यात पहिल्यांदा पैशाच्या बाबतीत.

"ओळखते ना," ती म्हणाली. आवाज खणखणीत निघाला, फोनवर निघतो तसा. "माझ्याच ओळखीची आहे. चांगली मुलगी आहे. तुम्ही उगाच काहीतरी मनात घेऊन बसलाय."

पलीकडून पाकीट सुटलं. ते तिच्या पायासरशी इतक्या सहज आलं की तिचा तोल गेला.

सुचेता तिच्याकडे बघत राहिली. मग तिने मान हलवली, बॅग उचलली आणि आपल्या खोलीत नेऊन ठेवली. रंजिताने डोळे पुसले, आणि पीठ गालाला लागलं. "बघ, मी सांगत व्हते," ती म्हणाली, आणि मोठ्या मनाने बंद दाराकडे वळली. "आता तरी ये गं बाहेर. गरम भाकरी हाय."

शाल्मली पाकीट उचलून निघाली, जेवायला थांबली नाही. तिने चपला हातातच घेतल्या. जिन्याच्या पहिल्या वळणावर पोचली तेव्हा वर कडी निघाल्याचा आवाज आला. पायांचा आवाज काही आला नाही. रंजिता "ये, ये" म्हणाली आणि मग "अगो—" एवढंच म्हणाली. शाल्मली तिथे उभी राहिली. वर जायला आठ पायऱ्या होत्या. ती खाली उतरली.

६

नागोजीराव अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर पाटी, पाटीवर पोलिसांचा फॉर्म, चष्मा नाकावर.

"झालं काय अम्मा? ओळख दिली?"

"दिली."

"मग बरं झालं. नाव सांग, शाईच्या पेनानं लिहायचं आहे, खोडता येत नाही."

नाव. रस्त्यात कुणीही गाठून विचारलं तर दहा नावं सांगेल अशी ती, पण तिला त्या क्षणी एकही नाव आठवेना. डोक्यात एकच होतं, दोन दिवसांपूर्वी नव्या घराच्या कागदावर घातलेलं, आठवडाभर मनात घोळत असलेलं. तेच तोंडातून निघून गेलं.

"संयोगिता."

नागोजीरावांनी एकेक अक्षर सावकाश लिहिलं. "गाव?"

"थांबा अण्णा, चुकलं, हे नाही—"

"ओ!" वरून हाक आली. "आले गं, ताई!"

तो मघाचा आवाज नव्हता. तो निपाणीच्या घरातला होता, संयोगिताचा. माडीवरून, शाळेची वेणी घालताना, अभ्यासाच्या पुस्तकातून मान वर न काढता, रोज ऐकू यायचा तो. शाल्मलीने तिला अंगाखांद्यावर वाढवलं होतं. तिने मान वर केली.

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत सुचेता उभी होती. कठड्याला दोन्ही हातांनी धरून ती खाली शाल्मलीकडेच बघत होती. तिचे ओठ मिटलेले होते. हाक तिच्या मागून, अगदी खांद्याजवळून आली होती, आणि सुचेता मान मागे वळवत नव्हती.

"आहे तर घरात," नागोजीराव खुशीने म्हणाले. "मराठी मुलगी, तुला ताई म्हणते, म्हणजे गाव निपाणी, तुझंच गाव, नाही काय?" त्यांनी तेही लिहिलं. मग पुढच्या रकान्यावर पेन ठेवून त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "आणि ओळख देणाऱ्याशी नातं? काय लिहू, अम्मा?"

शाल्मलीने तोंड उघडलं. थकबाकीदारांना पाणी पाजणाऱ्या त्या मुलीला साधं "नाही" म्हणायचं होतं. 

"धाकटी बहीण!" वरून उत्तर आलं.

नागोजीरावांनी मान डोलावली आणि तसंच लिहिलं.